जिन्याखाली ठेवलेलं घर

हे मी कॉलेजच्या ग्रुपवर लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं आणि पुसलं. आता न थांबता लिहितेय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या, कारण परत वाचलं तर मी पुन्हा पुसेन.

माझा मामा सुतार आहे. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांना दारं-खिडक्या करतोय आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तिथलं एक दार धड लागत नाही. मामी म्हणते, "सुताराचं दार करकरणारच, आणि सुताराच्या बायकोने ते जन्मभर ऐकायचं." गेल्या वर्षी त्याने एक छोटासा प्लॉट घेतला. तिथे त्याला स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधायचंय. त्याला नगररचना ऑफिसची परवानगी लागते. लाकूड म्हटलं की आगीची भीती, म्हणून नियम असा की छपराची कड शेजारच्या कुंपणापासून तीन मीटर तरी लांब हवी.

नकाशा एका ड्राफ्ट्समनने काढून दिला. त्याने जन्मात लाकडी घर काढलं नव्हतं. मामाने कुंपणाच्या बाजूला छप्पर मुद्दाम आखूड ठेवलं होतं, पण या बाबाने ते चारही बाजूंनी सारखंच बाहेर काढलं.

"बदलून घे ना," मी म्हटलं.

"दोनदा सांगितलं. मान हलवतो आणि परत तेच काढतो. जाऊ दे, मॉडेल आहे की. ऑफिसातली माणसं काय आंधळी आहेत?"

मॉडेल म्हणजे त्याचे दोन महिन्यांचे सगळे रविवार. लोकांच्या कामातून उरलेले तुकडे जोडून केलेलं. छप्पर उचललं की आत खोल्या दिसायच्या. काडेपेटीएवढ्या दारांना खऱ्या बिजागऱ्या. स्वयंपाकघरात ओटा, आणि ओट्यापुढे दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी जागा. ती मामीने मागून घेतली होती, कारण आत्ताच्या स्वयंपाकघरात एक आत गेला की दुसऱ्याला बाहेर यावं लागतं.

सुनावणीच्या दिवशी मामाला ताप भरला. "वकीलबाई, तू जा. तुला बोलता येतं," म्हणाला. तो मला लहानपणापासून वकीलबाईच म्हणतो. मॉडेल जुन्या चादरीत बांधून दिलं. "छप्पर उचलून दाखव. आणि कुंपणाची बाजू त्यांच्याकडे कर, विसरू नको."

ऑफिसच्या जिन्यापाशी आमच्या वर्गातली दोघं भेटली. इंटर्नशिपला आलेली, गळ्यात कार्डं. एकाने चादर उचलून बघितलं. "खेळण्यातलं घर? कुणाचं हे?"

आणि मी हसले. म्हणाले, "शेजारच्या पोरीचं आहे, पोचवायचंय."

ती दोघं वर गेली. मी मॉडेल जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या मागे सरकवलं आणि नुसते कागद घेऊन वर गेले. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "आणखी काही दाखवायचंय?" मी नाही म्हटलं. खाली आले तर मॉडेल जागेवर नव्हतं. ती दोघं दारातच चहा पीत उभी होती, म्हणून मी कुणाला विचारलंही नाही.

घरी मामा पांघरुणातून उठून बसला. "छप्पर उचललं कुणी?"

"हो. छान आहे म्हणाले. ठेवून घेतलं फाइलबरोबर."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. परवानगी नाकारली. छपराची कड कुंपणापासून दोन मीटर चाळीस सेंटिमीटरवर येते.

मला वाटलं मामा ऑफिसला शिव्या घालेल. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॉडेल बघून म्हणतायत, म्हणजे माझंच माप चुकलं." नंतर तो जुनी मापपट्टी नव्या पट्टीला लावून बघत बसला. रविवारी मी गेले तर दुसरं मॉडेल करायला घेतलं होतं. कुंपणापासून घर मागे घ्यायला स्वयंपाकघरातून दोन फूट कापले होते. मामी म्हणाली, "बरंच झालं, तुमची मध्ये मध्ये लुडबुड तरी टळेल," आणि आत निघून गेली. कुणी हसलं नाही.

सोमवारी कॉलेज बुडवून ऑफिसात गेले. मॉडेल सफाईवाल्या मावशींनी झाडू ठेवायच्या खोलीत फळीवर ठेवलं होतं, वर स्वच्छ फडकं टाकून. "एवढं जीव ओतून केलेलं कोण टाकून जाईल? म्हटलं येईल कुणीतरी," त्या म्हणाल्या. मला मान वर करवेना.

अधिकारी बाईंनी पट्टी लावली, हिशोब केला. "इथे तर तीन मीटर दहा आहे. हे त्या दिवशी कुठे होतं?"

"जिन्याखाली."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "अपील करा. अर्जदाराला घेऊन या. मॉडेल त्या दिवशी परत आणा, मग निकाल लागेपर्यंत ते फाइलबरोबर इथे जमा राहील."

मग मॉडेल घेऊन मामाच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं, तो रंधा मारत होता. हात पुसून त्याने मॉडेल घेतलं, फुंकर मारली, एकेक दार उघडून बघितलं.

"शेजारच्या पोरीचं म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे माप बरोबर होतं."

"हो मामा."

मामी डबा घेऊन आली होती, आत बसली होती. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "अगं, तुझे दोन फूट परत आले." आणि पुन्हा रंधा मारायला लागला. मला रागावला नाही. पण तेव्हापासून त्याने मला एकदाही वकीलबाई म्हटलेलं नाही.

अपील येत्या गुरुवारी आहे. या वेळी मॉडेल तो स्वतः नेणार आहे, चादरीशिवाय. बुधवारपर्यंत ते दुकानात, दारातल्या टेबलावर आहे. कॉलेजच्या मागच्या गेटातून बाहेर पडलात की सायकलवाल्याच्या शेजारचं दुकान. जाऊन त्याला भेटा. ज्या दोघांना मी खोटं सांगितलं, त्यांनी आधी जा. छप्पर उचला, कुंपणाची बाजू कुठली ते विचारा, तो दाखवेल. पण लवकर जा, नंतर ते फाइलबरोबर जमा होईल.