आपांचा पहिला हात

यंत्र शेडमध्ये उतरलं की त्याच्याकडं बघायच्या आधी आपा आणणाऱ्याला विचारायच्या, "वरून रंग कोणता येणार?" उत्तर मिळेपर्यंत रंगाखालच्या प्रायमरचा डबा उघडायचा नाही. वर गडद रंग असेल तर तांबडा रेड ऑक्साइड, पिवळा असेल तर फिकट राखाडी. "पिवळा लई नाजूक, खालचं सगळं वर दाखवतो," असं त्या म्हणायच्या.

शेंद्र्याच्या रस्त्यावरचं ते यंत्रं रंगवायचं पत्र्याचं शेड नवऱ्यामागं आपांनीच चालवलं. माझा नवरा घर सोडून गेला तेव्हा मी फुलंब्रीहून काम मागत त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. हातात पॉलिश पेपर दिला. "घास. रडायचं ते घासता घासता रड."

मग कामं आटली. कडबाकुट्टी बनवणारा एकच कारखानदार उरला. एकदा त्यानं यंत्रं आणली ती दुसरीकडून तांबडा प्रायमर मारूनच. वर हवा होता पिवळा, आणि संध्याकाळी गाडी भरायची होती.

"साहेब, यावर पिवळा उठणार नाय. राखाडीचा एक हात मारू द्या, उद्या घेऊन जा."

"उद्या जमणार नाही, आपा. नसेल होत तर दुसरीकडं नेतो."

आपांनी माझ्याकडं पाहिलं आणि रंग फवारायच्या गनमध्ये पिवळा भरला. एक हात झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. तरी यंत्रं हळदीत माती कालवल्यासारखी दिसत होती. थिनरच्या वासानं डोळ्यांची आग होत होती. आपांना खोकल्याची उबळ थांबेना. मी गन घ्यायला पुढं झाले तर ओरडल्या, "हट! हे काम गेलं तर खाशील काय तू?"

संध्याकाळी कारखानदारानं यंत्रांवरून एकदा नजर फिरवली, ती गाडीत चढवली आणि तो परत कधी आला नाही. गाडी वळल्यावर आपा जमिनीवरच बसल्या. "मला माहीत होतं गं, शोभा. माहीत असून मारला."

त्यानंतर शेड बंद झालं. आपांची छाती आधीपासूनच पोखरलेली होती, आता त्यांनी अंथरूण धरलं. मी कामासाठी दारोदार फिरत होते. ज्या शेडमध्ये जावं तिथं एकच उत्तर, बाई नको.

शेवटची भेटायला गेले तेव्हा दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना दम घ्यायला कितीतरी वेळ थांबावं लागत होतं.

"लागलं का कुठं काम?"

"लागलं, आपा. चांगलं आहे."

त्यांनी माझा हात आपल्या हातात ओढला, खरखरीत बोटांवरून अंगठा फिरवला.

"लागलं असतं," त्या म्हणाल्या, "तर भरदुपारी आली नसतीस."