बसल्याचं कळत नव्हतं

"अगं, ओलं केलंस की काय! सगळं सोवळं बाटवलंस!"

वहिनीसाहेब भरल्या पंगतीत ओरडल्या. मी हातात वरणाचं भांडं घेऊन उभी. खाली पाहिलं तेव्हा समजलं, लुगडं भिजलंय. तोवर मला काही कळलंच नव्हतं.

देवासच्या त्या घरात मी बावीस वर्षं सोवळ्यात स्वयंपाक केला. पंगतीतला एक जण म्हणाला, "काकूंचं वय झालं, लंगोट आणा रे." सगळे हसले. मला फरशी पुसायला लावली आणि मागच्या दारानं घालवलं.

मी पुसली. त्याआधी दोन दिवसांपासून कंबर फाटत होती. कळ दोन्ही पायांत उतरत होती. सकाळपासून लघवी झाली नव्हती. पाटावर बसले तर पाट लागत नव्हता. कोणाला बोलले नाही. कुळधर्माचा दिवस. सोवळ्यात तसल्या जागेचं नाव घ्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी पाय ओढत सरकारी दवाखान्यात गेले. "कमर दुखती है," एवढंच म्हटलं. तरुण डॉक्टर वर न बघता म्हणाला, "अम्मा, उमर हो गई. गोली खाओ. अगला!"

पुन्हा वय. मी उठले नाही. मागे पुरुषांची रांग होती. मोठ्यानं बोलले.

"भिया, कलम रोको. जहाँ बैठती हूँ, वो जगह सुन्न है. पेशाब उतरता नहीं. टपके तो पता नहीं चलता."

मागे कोणी फिसकन हसलं. डॉक्टर हसला नाही. त्यानं पडद्यामागे पाठवलं, तिथं सिस्टरनं बसायच्या जागी टाचणी टोचली. "चुभा?"

"कब चुभाओगी?" मी विचारलं.

ती टोचून झाली होती.

मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा असतो, तो मणक्यांमधली गादी सरकून दाबला गेला होता. त्याच दिवशी इंदूरला ऑपरेशन झालं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "कल आतीं तो ज़्यादा बचता." काल मी पुरण वाटत होते.

पायांत बळ परत आलं. लघवी आली नाही. आता दिवसातून चार वेळा स्वतःच्या हातानं नळी घालते.

वहिनीसाहेबांचा निरोप आला, वरकामाला ये. नाही गेले.

आता हळदीकुंकवात बायकांना सांगते. कंबर दुखत असताना बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत गळली, दोन्ही पाय लुळे पडले, तर यातलं एकही लपवू नका. त्याच घडीला मोठा दवाखाना गाठा. डॉक्टरनं न तपासता उठ म्हटलं तरी उठू नका. शेजारच्या खोलीतले पुरुष खाकरतात, मी गप्प बसावं म्हणून.

खाकरू देत. मी त्या जागेचं नाव घेऊन, मोठ्यानंच सांगणार.