आक्काच्या खानावळीतली डावी ओळ

पेणला रामवाडीच्या स्टँडवर मी ऑफिसला जायच्या घाईत होतो. रोह्याहून आलेली एसटी थांबली आणि खिडकीतून इक्बालने हाक मारली. एकेकाळी रोह्यात आम्ही एका खोलीत राहायचो. तो कंपनीत कामाला होता, मी कॉलेजात. खूप दिवसांनी भेटतोय म्हणून मी हसत पुढे झालो, पण तो हसला नाही. “आक्का गेली रे... काल दुपारी. वाढता वाढता खाली बसली, ती बसलीच.” गाडी पुढे गेली आणि मी तिथेच उभा राहिलो. वाईट तर वाटलंच, पण त्याच्याही आधी मनात आलं, वाढता वाढता गेली! म्हणजे तिच्या मनासारखं झालं. असं का वाटलं, ते चार लोकांना सांगावं म्हणून आज महिन्याभराने लिहायला बसलो आहे.

आक्काची खानावळ म्हणजे रोह्यात स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याखालची एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लागून टेबलं आणि बाकं, मधून चालण्यापुरती वाट. जेवायला कंपन्यांतले शिफ्टवाले आणि माझ्यासारखी बाहेरगावची मुलं. माझं गाव पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरात राबायचे, आणि घरातलं कुणी तोवर कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी आक्काने विचारलं, “कुणाचा रं तू?” मी गाव सांगितलं. “मिठागरातला? मग चटनीत मीठ कमी पडलं तर तूच सांग. या बाकीच्यांना काय कळतंय!” परक्या गावात मला पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं, असं वाटलं. परीक्षेच्या दिवसांत जेवणं आटोपली की ती एक टेबल पुसून माझ्या पुस्तकांना मोकळं करून द्यायची आणि भांडी घासणाऱ्या बाईला म्हणायची, “हळू गो, पोरगा शिकतोय.”

तिची वाढायची रीत ठरलेली होती. ताट ओट्यावर आपल्यापुढे ठेवायचं, जणू आपणच जेवायला बसलोय, आणि आधी डावी बाजू वाढायची. मीठ, लिंबाची फोड, जवळ्याची चटणी. मग उजवीकडे भाजी, कालवण, आणि मधे भाताला जागा; भात ती ओळीओळीने फिरून वाढायची. “डावी बाजू नसंल तर त्याला जेवान म्हनत नाय, चारा म्हनतात,” असं ती ठणकावून सांगायची. त्या माणसावर पुढे काय यावं...

मी शेवटच्या वर्षाला असताना आक्काला पक्षाघाताचा झटका आला. डावा हातपाय लुळा पडला, पण हळूहळू पाय टेकू लागला, हातही थोडा उचलता येऊ लागला. बोलणं तर स्वच्छ होतं. सगळे म्हणाले, निभावलं. रांधायचं काम सुनेने घेतलं आणि आक्का हट्टाने वाढायला उभी राहिली. पहिलं ताट माझ्यापुढे आलं. उजवीकडे भाजी, त्या भाजीवर परत भाजी, आणि डावी बाजू कोरी! “आक्का, मीठ?” “वाढलं की रं! डोले फुटले काय?” ती खरोखरच चिडली होती. भाताचं पातेलं सुनेच्या हाती देऊन, तिला मागे घेऊन मधल्या वाटेने निघाली, ती फक्त उजव्या ओळीला वाढत गेली. परत फिरली की डावी ओळ तिच्या उजव्या हाताला यायची, मग तिथे बसणाऱ्या आम्हाला भात मिळायचा. इक्बाल म्हणाला, “आपलं बरं आहे, जाताना रोजा, येताना इफ्तार!” सगळे हसले. आक्कालाच कळेना, काय हसताहेत. तिच्या अर्ध्याच डोक्याचे केस विंचरलेले होते.

एकदा ती अर्ध्या वाटेतूनच परत वळली. डाव्या ओळीच्या टोकाला बसलेला नवीन कामगार वाट बघून उठून गेला. आक्काला ते नंतर कळलं आणि ती ओट्याशी उभ्या उभ्या रडली. “माझ्या दारातून पोरगा उपाशी गेला?” तिचा मुलगा रमेशदादा डोलवीच्या कारखान्यात होता, बायकोला आईपाशी ठेवून तिथेच राहायचा. तो म्हणाला, “गणपती झाले की खानावळ बंद. डावीकडचा जाळ दिसत नाय तिला. एक दिवस भाजून घेईल.” त्याचं काही चुकीचं नव्हतं. पण आक्का एवढंच म्हणाली, “डोलवीला नेशील आनि खाटेवर बसवशील. मंग मी जिती कशाला?”

रमेशदादा आणि मी तिला पेणला व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी नीट समजावलं. आक्काचे डोळे चांगले आहेत. मेंदूतला जो भाग डाव्या बाजूची दखल घेतो, तिथे इजा झाली आहे. त्यामुळे डावीकडे काही आहे, हेच तिच्या मनात येत नाही. “सारखं सांगत बसू नका. वळून शोधायची सवय लावा. आधी डावा हात पुढे, मग हाताच्या मागे नजर. आणि घाई करू नका.”

ओट्याच्या डाव्या कडेला सुनेने लाल चिंधी बांधली. ताटाच्या डाव्या काठावर आक्काने डावा हात टेकायचा आणि लाल दिसेपर्यंत मान वळवायची. वाटेने जातानाही तसंच, आधी डाव्या टेबलाची कड चाचपायची. आम्ही डाव्या ओळीतल्यांनी ठरवलं, हाक मारायची नाही. ती वळून बघेपर्यंत बसून राहायचं. शिफ्टवरून आलेल्या माणसाला भात नसलेल्या ताटापुढे गप्प बसणं सोपं नसतं. एक ऑपरेटर म्हणायचा, “आक्का, मेंदू तुझा आनि उपास माझा!” पण दुसऱ्या दिवशी तोच येऊन डावीकडे बसायचा. आक्का फणकारायची, “मेल्यांनो, मला परीक्षेला बसवताव? या पेनवाल्याला आधी पास करा!” काही दिवस छान जायचे. मग एखाद्या दिवशी ती दमलेली असली किंवा गलका झाला, की डावी बाजू पुन्हा नाहीशी व्हायची. त्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघणं टाळायचो.

गणपती झाले आणि रमेशदादा तिला न्यायला आला. कुणाला काही न सांगता तो डाव्या ओळीच्या अगदी टोकाला, रिकामं ताट पुढे घेऊन बसला. आक्का वाढत निघाली. हात टेबलाच्या कडेवरून सरकत होता, मान वळत होती. मला वाढलं, इक्बालला वाढलं, आणि रमेशदादाच्या अलीकडेच ती थांबली. परत फिरते की काय, असं वाटलं. आमचे घास तोंडातच राहिले. मग तिचा हात पुढे चाचपत गेला, तिथे कुणाचं तरी मनगट लागलं, आणि ती अख्खी वळली. “रमेश! कवा आलास? रिकामं ताट घेऊन बसलास, आईला हाक मारायला तोंड नाय का?” रमेशदादाने ताट पुढे सरकवलं. खाली मान घालून जेवला, दुसऱ्यांदा भात घेतला आणि एकटाच डोलवीच्या गाडीत बसला.

त्यानंतर आक्काने कितीतरी वर्षं वाढलं. मी घरातला पहिला पदवीधर झालो, नोकरीला लागलो. ऑफिसात एखादा म्हातारा माणूस अर्जापुढे अडकून बसला की लगेच पुढे होऊन त्याचं काम करून टाकावंसं वाटतं. मग जरा थांबतो. बहुतेकदा त्याचं तोच करतो... हे मला कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही.

तेराव्याला रोह्याला गेलो. जुनी मुलं लांबून लांबून आली होती, कुणी पोटं सुटलेली, कुणी टक्कल पडलेली. खानावळीतच जेवण होतं. रमेशदादा भाताचं पातेलं घेऊन आतून आला आणि दारातच थांबला. आम्ही सगळे डाव्या ओळीत दाटीवाटीने बसलो होतो. उजवीकडची बाकं रिकामी होती. कुणी कुणाला तसं बसायला सांगितलं नव्हतं. तो थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. आम्ही ताटं पुढे घेऊन वाट बघत होतो. कुणीही त्याला हाक मारली नाही.