पहिली अंगाई

विद्यापीठात प्रादेशिक अभ्यास संशोधन केंद्र सुरू झालं तेव्हा त्यात माणसं दोनच: विभागप्रमुख मॅडम आणि त्यांची संशोधन सहायक म्हणून मी. खोली क्रीडा विभागाकडून मागून घेतलेली. कोपऱ्यात व्हॉलीबॉलची फाटकी जाळी तशीच पडलेली. सोलापुरात घराघरांत ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांतल्या अंगाया मॅडमना आधी गोळा करायच्या होत्या. अंगाई रेकॉर्ड करायला केंद्रात या, असं आम्ही वस्त्यांमधून सांगत फिरलो. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण येत कुणीच नव्हतं.

अखेर विणकरांच्या वस्तीतल्या एक तेलुगू आजी नातसुनेला घेऊन रिक्षानं आल्या. मे महिना होता. पंख्याची खडखड रेकॉर्डिंगमध्ये यायची, म्हणून तो बंद केला, खिडक्याही लावल्या.

आजींनी इकडंतिकडं पाहिलं. "लेकरू कुटं हाय?"

"लेकरू नाही आजी, नुसतं गाणं म्हणा," मी म्हणाले.

"असं कसं म्हणू? समोर कुणीतरी पायजे की."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "मला म्हणा."

आजी त्यांचा गुडघा थोपटत गायला लागल्या. केंद्राला कायमची मंजुरी मिळावी म्हणून मॅडम आठवडाभर कार्यालयांचे जिने चढत होत्या. बघता बघता त्यांची मान कलली. त्यांना उठवायला मी हात पुढं केला, तर आजींनी गाणं न थांबवता डोळे वटारले. ते संपल्यावर हळूच म्हणाल्या, "लई दमलीय पोरगी. निजू दे की." आणि दुसरं सुरू केलं. मी आणि नातसून घामानं निथळत गप्प बसलो.

जाग आल्यावर मॅडम इतक्या ओशाळल्या! आजी मात्र खूश. "माझं गाणं अजून चालतंय म्हणायचं!"

वस्तीत गेल्यावर त्यांनी ही गंमत सगळ्यांना सांगितली. मग शेजारणी आल्या, त्यांच्या ओळखीची अक्कलकोटकडची कानडी बाई आली, दखनी उर्दू बोलणाऱ्या एक खाला आल्या. कुणाच्या गाण्यानं मॅडम झोपतात, यावर त्यांच्यात पैजा लागायच्या. त्या अंगाया ऐकवूनच मॅडमनी मंजुरी मिळवली.

आता मॅडम निवृत्त झाल्यात, मी अजून इथंच आहे. केंद्राला अख्खा मजला मिळालाय. संशोधन करणारी मुलं करकंब, माळशिरसपर्यंत जाऊन बाजारातली बोली टिपून आणतात. दुपारी चहाला व्हरांड्यात चार भाषांत एकदम वाद चालतात. मला कुणी बोलावत नाही, तरी मी कप घेऊन त्यांच्यात जाऊन बसते.