उघड्या पत्र्यावरचा हात

गॅरेजात त्याला सगळे पॉलिशपेपर म्हणत. तो कागद कायम त्याच्या हातात असे म्हणून, आणि जीभही तशीच खरखरीत होती म्हणून. जुन्या मोटारींच्या पत्र्यावरचा गंज घासून काढण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. पत्रा पांढरा झाला की त्याचा एकच कायदा: प्राइमर लागेपर्यंत उघड्या हाताने शिवायचं नाही. हाताचा घाम रंगाखाली अडकतो आणि गंज पुन्हा डोकं वर काढतो. या कायद्यापायी त्याने बड्या बड्या गिऱ्हाइकांना झापलं होतं. गॅरेज बघायला आलेल्या व्याह्यालाही सोडलं नव्हतं.

त्याची साठी उलटली तसा गॅरेजचा मालक, म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, गंज काढायचं मशीन आणायच्या गोष्टी करू लागला. मशीन आलं की आपल्याला नारळ, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता.

त्याच सुमारास पन्नास वर्षांची एक मोटार आली. तिचं बॉनेट त्याने आठ दिवस घासलं. काम संपलं त्या सकाळी भाऊ गिऱ्हाइकाला घेऊन आला आणि कौतुकाने त्याने आपला उघडा पंजा त्या पत्र्यावर चांगला दाबून ठेवला. हा ओरडणार, तोच भाऊ म्हणाला, "असा हात आमच्या दादाशिवाय कुणाचा नाही. मशीन काय करणार याच्यापुढे?"

चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला गप्प करायला एक गोड वाक्य पुरतं, हेच मोठं दुखणं. मागाहून थिनरने पुसून घेऊ असं त्याने मनाशी म्हटलं, तर भावाने गिऱ्हाइकासमोरच प्राइमर मारायला लावलं.

चार महिन्यांनी मोटार परत आली. बॉनेटवर रंगाला फोड आले होते. पाच बोटं आणि तळवा, सगळं स्पष्ट. भावाने आरडाओरडा केला नाही. मशीन सांगितलं आहे, तुझे हात आता थकले, उद्यापासून घरी आराम कर, एवढंच म्हणाला.

त्याने आपला पंजा त्या फोडांवर ठेवला. ठशाची बोटं त्याच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती.

"हात तुझा आहे."

भावाने नीट पाहिलं.

"असेल. पण सगळ्या जगाला ओरडायचास, तेव्हा मलाच का नाही बोललास?"

कौतुक गोड लागलं म्हणून, हे पाठच्या भावाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो हात धुवायला गेला.