पिवळी रेघ

आमच्या मोडलेल्या टीमची रेसिंग कार शिरोलीच्या भंगारात आल्याचं कळलं, म्हणून मी आणि सुनील बघायला गेलो. सुनील ती चालवायचा. चाकांच्या नटांवर पिवळ्या रेघा अजून होत्या. नट आवळला की बापू मिस्त्री नटावरून चाकावर सलग रेघ ओढायचे. रेघ सरकली, म्हणजे नट सैल. शर्यतीआधी वाकून प्रत्येक रेघ बघायची आणि "जुळल्या!" म्हणून ओरडायचं, हे माझं काम.

एका गाळ्यातून सुरुवात करून आम्ही जिंकत सुटलो. ट्रक आला, नावाचे शर्ट आले, आणि मी वाकायचं सोडलं. उभ्याउभ्याच ओरडायचो. पुढे प्रायोजक गेले, टीम संपली.

शेवटच्या शर्यतीनंतर या चाकांना कुणी हातही लावला नव्हता. आज वाकलो, तर पुढच्या डाव्या चाकावरच्या दोन रेघा जुळत नव्हत्या. ज्याला आम्ही जिंकणं म्हणत होतो, त्यात नुसतं वाचणं किती होतं?

"काय पळायची रे ही!" मागून सुनील म्हणाला. त्याच्या कडेवर त्याची लेक होती.

मी पटकन त्या नटांवर हात ठेवला.