अंधारातले शतंजीव

सेतूकाकांचे नाव मी सांगितले. मला कोणी मारले नव्हते, धमकावले नव्हते. माझ्यावर खिळलेल्या नजरा दुसरीकडे वळाव्यात, एवढ्यासाठी सांगितले.

सेतूमाधवराव टपालखात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरे बरीच, पण देवनागरी वाचणारे थोडे. काका दर रविवारी गल्लीतल्या मराठी मंडळाच्या ओसरीवर मुलांना अक्षरे शिकवत. माझी मुलगी तिथेच ‘क’ गिरवायला शिकली. कोणी शेजारच्या पाटीत डोकावले की काका म्हणत, “आपल्या पाटीकडे बघ की रे! लोकांकडे कसाला?” आमच्या बोलीत ‘कशाला’चे ‘कसाला’ होते.

हेच काका अधूनमधून बसस्टँडमागच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला जात. प्रौढांचे सिनेमे तिथे त्याच खेळाला लागत. मीही जात असे. तिथले सोवळे देवळापेक्षा कडक. दिवे मालवल्यावर शिरायचे, दिवे लागण्याआधी उठायचे. तुंडू, म्हणजे खांद्यावरचा पंचा, तोंडावर ओढायचा. शेजारची खुर्ची मोकळी सोडायची. आणि मुख्य म्हणजे कोणी कोणाला ओळखायचे नाही.

एकदा मला तिथे जोरात शिंक आली. मागच्या रांगेतून हलकेच आवाज आला, “शतंजीव.”

शिंक ऐकून तमिळ माणूस ‘नूरु’, म्हणजे शंभर वर्षे जग, म्हणाला असता. हा आवाज मात्र आमच्या ओसरीवरचा होता. मी तुंडू आणखी वर ओढला.

थोड्याच वेळात दिवे लागले. पोलीस आत आले होते. अजून आठवले की रक्त तापते. सिनेमा सेन्सॉरने पास केलेला, तिकीट राजरोस खिडकीवर विकलेले. मग गुन्हा कोणता? मालकाला कोणी हात लावला नाही. प्रेक्षकांचे तुंडू मात्र ओढून काढले, त्यांना अंगणात उकिडवे बसवले, आणि अर्धा रस्ता फाटकाशी गोळा होऊन हसत राहिला.

एकटे काका उभे राहिले. शिपाई तमिळमध्ये म्हणाला, “काय रायरे, या वयात?” आम्हा मराठी लोकांना गावात रायर म्हणतात.

“वय झालंय म्हणूनच तिकीट मिळालं. मी पडद्याकडे बघायला आलो. तू माणसांकडे बघायला कसाला आलास?”

शिपाई खवळला, सगळे तिकडे वळले, आणि मी मुतारीजवळच्या दाराने पळालो.

एका म्हाताऱ्या रायराने पोलिसांशी वाद घातला, ही बातमी चहाच्या टपऱ्यांवरून आमच्या गल्लीत आली. मंडळाची बैठक बसली. नुकत्याच घरोघर आलेल्या केबलवर रोज रात्री दार उघडे टाकून नाच पाहणारी माणसे तिथे संस्कृतीवर बोलत होती. सर्वांत मोठा आवाज अध्यक्षांचा. त्यांचा लाल काठाचा तुंडू मला त्या अंधारातून ओळखीचा होता.

“वासू, तुझी स्कूटर तिथं होती म्हणतात?” त्यांनी मला विचारले.

“जाताना थांबलो होतो. बाहेरून दिसलं... सेतूकाका होते.”

रविवारचा वर्ग बंद झाला. काकांनी मला एकदाही जाब विचारला नाही, की आत आणखी कोण होते ते कोणाला सांगितले नाही. माझी मुलगी पाटी घेऊन ओसरीवर जाऊन परत आली आणि मला म्हणाली, “अप्पा, कुलूप आहे.” त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

“काका, शिंकलो तो मी होतो.”

“ते मला कसाला सांगतोस? तुझी शिंक लहानपणापासून ऐकतोय. दुसऱ्या कोणाला म्हटलं असतं का शतंजीव?” त्यांनी छत्री कोपऱ्यात सरकवून मला बसायला जागा केली. “सांगायचं तर ज्यांना नाव सांगितलंस, त्यांना सांग.”

मला धीर व्हायला रामनवमी उजाडावी लागली. भजन संपल्यावर सगळी गल्ली ओसरीवर बसली होती. काका अगदी मागे, खांबाला टेकून. मी उभा राहिलो.

“त्या दिवशी मी बाहेर नव्हतो, आत होतो. तिकीट काढून बसलो होतो.”

अध्यक्षांनी मान खाली घातली. बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. काका तेवढे सरळ समोर पाहत होते.

“मी शिंकलो, काकांनी मला आशीर्वाद दिला, आणि त्याच आवाजावरून ओळखून मी त्यांचं नाव तुम्हाला सांगितलं. काका, मी चुकलो. मला क्षमा करा.”